वर्किंग डेज मोजायचेत? एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये पहिल्यापासून कसं करायचं

ऑर्डरवर लिहिलेलं असतं "डिलिव्हरी १५ वर्किंग डेजमध्ये" आणि ऑफिसात नवीन लागलेलं पोरगं भिंतीवरचं कॅलेंडर काढून बोटाने मोजायला बसतं. एखाद्या ऑर्डरला चालतं ते. पण ढिगाने ऑर्डरी, त्यात काही गोव्याच्या, एखादी सौदीची, वरून बँकेची आणि सरकारी कामं, असं सगळं एकत्र आलं की बोटं पुरत नाहीत. मी डिस्पॅच आणि बिलिंग दोन्ही बघतो, नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हेच परत परत सांगावं लागतं म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

आधीच सांगतो, फॉर्म्युला हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, दोन मिनिटांचं काम. लोक गंडतात ते त्याच्या आधी, कारण दिवस नेमके कोणाचे मोजायचे हेच कोणी ठरवलेलं नसतं. बँकेचे, सरकारी ऑफिसचे, आपल्या वर्कशॉपचे की समोरच्या पार्टीचे? सॉफ्टवेअर इमानेइतबारे मोजतं हो, पण तुम्ही जे सांगाल तेच मोजतं.

काय काय जवळ हवं:

- एक्सेल २०१० किंवा त्यानंतरचं कुठलंही, नाहीतर गूगल शीट्स, नाहीतर लिब्रेऑफिस कॅल्क. तिन्हीत फॉर्म्युले सारखेच चालतात
- महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाची चालू वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना
- रिझर्व्ह बँकेच्या साइटवरची आपल्या भागाची बँक सुट्ट्यांची यादी
- स्वतःच्या कंपनीची सुट्ट्यांची यादी (एचआर असेल तर एचआरकडून, नसेल तर मालकाकडून सहीसकट)
- ज्या कागदात मुदत लिहिलीय तो मूळ कागद. पीओ (पर्चेस ऑर्डर, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर), अ‍ॅग्रीमेंट, नोटीस, जे असेल ते. "साहेब म्हणाले पंधरा दिवस" हा कागद नाही

फॉर्म्युले इथे मी देवनागरीत लिहिलेत, शीटमध्ये मात्र नाव, सेल आणि आकडे सगळं इंग्रजी कीबोर्डनेच टाकायचं. पहिली तीन-चार अक्षरं टाकली की खाली नाव सुचवलं जातं, त्यामुळे स्पेलिंगचं टेन्शन घेऊ नका. जर्मनीत वगैरे असाल आणि ऑफिसचं एक्सेल जर्मन असेल तर तिथे कामाचे दिवस मोजणारा नेटवर्कडेज नावाचा फॉर्म्युलाच दिसणार नाही, तिथे तो नेट्टोआर्बाइट्सटागे असतो आणि स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागतो. पुण्याहून पाठवलेली फाइल तिकडे उघडली की नावं आपोआप बदलतात, हाताने टाईप करताना मात्र गोंधळ होतो.

१) आधी कागद वाचा: नुसते "दिवस" की "कामाचे दिवस"

हे वाचल्याशिवाय शीट उघडूच नका. कायद्यात जिथे नुसतं "३० दिवस" लिहिलंय तिथे शनिवार-रविवार, दिवाळी, सगळं त्यात धरलेलं असतं. माहिती अधिकारात अर्जाला उत्तर द्यायचे ३० दिवस हे असे सरळ कॅलेंडरचे दिवस आहेत. लघुउद्योगाचं बिल चुकवायची मुदत, २००६ च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, तेही कॅलेंडरचेच. बऱ्याच अकाउंटंटना हे ४५ दिवस वर्किंग डेज वाटतात आणि मग पार्टीला "अजून मुदत आहे" असं बिनधास्त सांगितलं जातं. नाहीये मुदत.

असल्या ठिकाणी कुठलाही खास फॉर्म्युला लागत नाही, तारखेत (इथे ती ए२ सेलमध्ये आहे असं धरा) सरळ आकडा मिळवायचा:

=ए२+४५

आणि कागदावर "तीन महिने" असं लिहिलं असेल तर ९० मिळवू नका. चेकची मुदत २०१२ च्या एप्रिलपासून तीन महिने आहे, ९० दिवस नाही. महिन्यांसाठी ईडेट वापरा:

=ईडेट(ए२, ३)

यात ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की फेब्रुवारीचा शेवटचा दिवस येतो, ते बरोबरच आहे, घाबरू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. "अमुक तारखेपासून १५ दिवस" म्हटलं की पहिला दिवस धरायचा की नाही यावर ऑफिसात दर महिन्याला एक तरी भांडण होतं. केंद्राच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये यावर कलम आहे: कायद्यात "पासून" असा शब्द असेल तर तो पहिला दिवस सोडून मोजायचा. त्याच कायद्याच्या १० व्या कलमात असंही आहे की ज्या ऑफिसात किंवा कोर्टात काम करायचं ते शेवटच्या दिवशी बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं काम वेळेतच धरलं जातं. हे कायद्यांखालच्या मुदतींसाठी आहे बरं का, दोन खासगी पार्ट्यांच्या पीओला ते आपोआप लागेल असं धरून चालू नका. पीओत लिहून घ्या. एक ओळ लागते: "पीओची तारीख धरून की सोडून".

२) कोणाचं कॅलेंडर लावायचं ते ठरवा

महाराष्ट्रात एकाच गल्लीत चार प्रकारचे आठवडे चालतात.

राज्य सरकारची ऑफिसं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत, शनिवार-रविवार बंद. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असायची, त्यामुळे जुन्या फाइलींचे दिवस मोजताना हे लक्षात ठेवा. बँका १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद, बाकीचे शनिवार पूर्ण दिवस चालू. पाचवा शनिवार आला तर तोही चालू. कारखान्यांचं अजून वेगळं, पिंपरी-भोसरीकडे कित्येक वर्कशॉपना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी मशीन धडाधड चालू असतात. आणि ऑर्डर सौदीची असेल तर तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी. दुबईवाल्यांनी २०२२ च्या जानेवारीपासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर आणली, शुक्रवारी अर्धा दिवस, तरी अजून लोक जुन्या सवयीने "गल्फ म्हणजे शुक्रवार-शनिवार" असं धरून चालतात.

फरक किती पडतो ते एप्रिल २०२६ वर बघा. महिना ३० दिवसांचा, १ तारखेला बुधवार. ३ तारखेला गुड फ्रायडे, १४ ला आंबेडकर जयंती.

सरकारी ऑफिस: सोमवार ते शुक्रवार असे २२ दिवस, त्यातून दोन सुट्ट्या वजा, उरले २०.

बँक: रविवार सोडून २६, त्यातून ११ आणि २५ तारखेचे दोन शनिवार गेले, ३ आणि १४ तारीख गेली, आणि १ एप्रिलला वर्षअखेरच्या हिशेबासाठी ग्राहकांना दार बंद, म्हणून २१.

गुरुवारी सुट्टी घेणारं वर्कशॉप, जे या दोन्ही सणांना चालू असतं: पाच गुरुवार वजा, २५.

एकच महिना आणि उत्तरं २०, २१, २५. यातलं चुकीचं एकही नाही. म्हणून कोणी नुसतं "एप्रिलात वर्किंग डेज किती" विचारलं की आधी "कोणाचे" असं विचारायचं, मग शीटला हात लावायचा.

बँकेबद्दल अजून एक. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, बाराही महिने चालू आहे. म्हणजे पैसे पाठवायचे असतील तर बँकेचं कॅलेंडर फारसं आडवं येत नाही, पण डीडी, कर्जाची कागदपत्रं, ब्रँचमधली सही असं काही असेल तर येतंच.

३) शीटमधली तारीख खरंच तारीख आहे का ते तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात.

एक्सेलला तारीख म्हणजे आतून एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून मोजत मोजत १ जानेवारी २०२६ म्हणजे ४६०२३. (गंमत म्हणजे एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं, जे ते नव्हतं. फार जुन्या एका सॉफ्टवेअरशी जुळावं म्हणून ती चूक तशीच ठेवलीय, आपल्याला काही फरक पडत नाही.) सेलमध्ये आकडा असेल तरच पुढचं सगळं चालतं. दिसायला तारीख आणि आतून नुसती अक्षरं असतील तर काहीच चालत नाही.

ओळखायचं कसं? सेलची अलाइनमेंट कोणी बदललेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते, टेक्स्ट डावीकडे. खात्री करायची तर शेजारी =इजनंबर(ए२) टाका, ट्रू आलं की ठीक.

खरा धोका मात्र यापेक्षा वाईट आहे. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०३/०४/२०२६ टाकल्यावर तो ४ मार्च समजतो, आपल्याला हवा असतो ३ एप्रिल. आणि १३/०४/२०२६ टाकलं की तेरावा महिना नसल्यामुळे ते टेक्स्ट म्हणून पडून राहतं. म्हणजे एकाच कॉलममध्ये अर्ध्या तारखा उलट्या झालेल्या आणि अर्ध्या टेक्स्ट, आणि उलट्या झालेल्या तारखा कुठलाही एरर देत नाहीत. गुपचूप चुकीचं उत्तर देतात.

उपाय असे:

गूगल शीट्समध्ये फाइल, मग सेटिंग्ज, मग लोकेल इंडिया करा. हे नवीन शीट उघडल्या उघडल्या करायचं, डेटा भरल्यावर नाही. विंडोजमध्ये रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा.

आधीच आलेला टेक्स्ट डेटा असेल तर एक्सेलमध्ये कॉलम सिलेक्ट करून डेटा टॅबमधलं टेक्स्ट टू कॉलम्स घ्या, तिसऱ्या पायरीवर डेट निवडून डीएमवाय करा आणि फिनिश. व्हॉट्सअपवरून कॉपी केलेल्या "१.४.२६" अशा टिंबवाल्या तारखा बहुतेक वेळा टेक्स्टच राहतात, त्यांना आधी फाइंड-रिप्लेसने टिंबाच्या जागी तिरकी रेघ द्या.

आणि शीटचा फॉरमॅट असा ठेवा की महिन्याचं नाव अक्षरात दिसेल, ०३-एप्रिल-२०२६ असं. मग तारीख उलटली तर डोळ्यालाच खुपते, वेगळं तपासावं लागत नाही.

४) सुट्ट्यांची शीट बनवा, आणि जीव लावून बनवा

फाइलमध्ये वेगळी टॅब घ्या. एका कॉलममध्ये सरकारी सुट्ट्या, दुसऱ्यात बँकेच्या, तिसऱ्यात कंपनीच्या, लागत असेल तर चौथ्यात गोव्याच्या. प्रत्येक तारखेशेजारी ती कशाची सुट्टी आहे आणि कुठल्या पत्रकातून घेतली ते लिहा. सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

गोव्याची वेगळी कशाला, तर तिथे ३ डिसेंबरला सेंट झेवियरच्या फेस्तची आणि १९ डिसेंबरला मुक्तिदिनाची सुट्टी, आपल्याकडे दोन्ही नाहीत. आणि आपली १९ फेब्रुवारीची शिवजयंती बाहेरच्या राज्यातल्या पार्टीला माहीतच नसते, त्या दिवशी ते फोन करकरून हैराण करतात.

तारखा उतरवताना गूगल कॅलेंडरवरून घेऊ नका. तिथे सण आणि सुट्टी यांची खिचडी असते. सण आहे म्हणून सुट्टी आहे असं नसतं, हनुमान जयंतीला सरकारी ऑफिस चालू असतं. सामान्य प्रशासन विभागाची अधिसूचना घ्या, ती १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टखाली दरवर्षी निघते.

यादी एकदा केली आणि वर्षभर विसरलो, असंही चालत नाही. २०२५ ची ईद-ए-मिलाद बघा. यादीत ५ सप्टेंबर होती, दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी म्हणून मुंबई शहर आणि उपनगरासाठी सुट्टी ८ सप्टेंबरला नेली, बाकी राज्यात ५ तारीखच राहिली. म्हणजे तुमचं ऑफिस अंधेरीला आणि पार्टी नाशिकला असेल तर दोघांची सुट्टी वेगळ्या दिवशी. मतदानाची सुट्टी तर यादीत नसतेच, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी आली ती वर्षाच्या सुरुवातीला कोणाच्या शीटमध्ये असणार? शिवाय जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या देतात त्या वेगळ्याच. म्हणून कॉलमखाली रिकाम्या ओळी ठेवा आणि नवीन पत्रक आलं की त्याच दिवशी टाका.

आता या कॉलमला नाव द्या. एक्सेलमध्ये तारखा सिलेक्ट करून फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या छोट्या डब्यात नाव टाईप करून एंटर, गूगल शीट्समध्ये डेटा मेनूतलं नेम्ड रेंजेस. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे स्पेस नको. मी पुढे सरकारी_सुट्टी, बँक_सुट्टी, कंपनी_सुट्टी असं लिहिलंय.

नाव का द्यायचं? न देता नुसती रेंज लिहिली आणि फॉर्म्युला खाली ओढला की रेंजही एकेक ओळ खाली सरकते. पहिल्या ओळीत २६ जानेवारी धरली जाते, दहाव्या ओळीत यादीच्या वरच्या नऊ सुट्ट्या गायब झालेल्या असतात. एरर नाही, काही नाही. नाव द्यायचं नसेल तर डॉलरची खूण लावून रेंज बांधा, पण नाव दिलेलं बरं, दुसऱ्याला वाचायला पण कळतं.

रेंजमध्ये वरचं हेडिंग घेऊ नका, आणि मधे "दिवाळी???" असलं काही लिहून ठेवू नका. यादीत एक जरी सेल अक्षरांची निघाली तर सगळ्या शीटभर व्हॅल्यू एरर दिसतो आणि मग दोष फॉर्म्युल्याला.

५) दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजा

=नेटवर्कडेज(ए२, बी२, सरकारी_सुट्टी)

ए२ मध्ये सुरुवात, बी२ मध्ये शेवट. शनिवार-रविवार तो स्वतः काढतो, तिसऱ्या जागेची यादी वजा करतो. सुट्टी शनिवारी आली असेल, जशी २०२६ ची १५ ऑगस्ट, तर ती दोनदा वजा करत नाही. हाताने करणारे नेमके इथे चुकतात, आधी शनिवार-रविवार काढतात आणि मग यादीतल्या सगळ्या सुट्ट्या मोजून वजा करतात.

शेवटची तारीख अजून आलेली नसेल, सेल रिकामी असेल, तर उत्तर उणे बत्तीस हजार असं काहीतरी भयानक येतं. घाबरायचं कारण नाही, रिकामी सेल म्हणजे शून्य आणि शून्य म्हणजे १९०० सालच्या मागे, तिथपर्यंत तो उलटा मोजत जातो. असं लिहा:

=इफ(बी२="", "", नेटवर्कडेज(ए२, बी२, सरकारी_सुट्टी))

६) पुढची तारीख काढा

मुदत कधी संपते हे हवं असेल तर दुसरा फॉर्म्युला:

=वर्कडे(ए२, १०, सरकारी_सुट्टी)

ए२ मध्ये १ एप्रिल २०२६ असेल तर उत्तर १७ एप्रिल. पहिल्यांदा उत्तर ४६१२९ असं दिसेल, तो तारखेचाच आकडा आहे, सेलचा फॉरमॅट डेट करा. सुट्ट्यांची यादी द्यायला विसरलात तर हेच उत्तर १५ एप्रिल येतं, आणि तेही एकदम खरं वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. वरच्या उत्तरावर नेटवर्कडेज लावून बघा, १ एप्रिल ते १७ एप्रिल: ११ येतील. दहा दिवस मिळवले आणि मोजले तर अकरा! कोणी म्हणतं एक्सेल खराब आहे. खराब नाही. वर्कडे पहिला दिवस सोडून मोजतो, नेटवर्कडेज पहिला आणि शेवटचा दोन्ही धरतो. कागदावर "पीओच्या तारखेपासून" असेल तर वर्कडे जसाच्या तसा चालतो. "पीओची तारीख धरून" असेल तर १० च्या जागी ९ टाका. आणि किती दिवस लागले हे नेटवर्कडेजने सांगताना पहिला दिवस धरायचा नसेल तर एक वजा करा (पहिला दिवसच सुट्टीचा असेल तर मात्र तो आधीच धरलेला नसतो, तिथे वजा करू नका). ऑफिसात एक पद्धत ठरवा आणि शीटच्या वर एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर डिस्पॅचवाला दहा म्हणतो आणि अकाउंट्सवाला अकरा.

७) शनिवारचं लफडं

वरचे दोन्ही फॉर्म्युले शनिवार-रविवार सुट्टी आहे असं ठोकून धरतात. आपल्याकडे ते निम्म्या ठिकाणी लागू नाही. त्यासाठी यांचेच मोठे भाऊ आहेत, नेटवर्कडेज.आयएनटीएल आणि वर्कडे.आयएनटीएल. यात साप्ताहिक सुट्टीची एक जागा जास्त असते:

=वर्कडे.आयएनटीएल(ए२, १०, ११, कंपनी_सुट्टी)

इथला ११ म्हणजे फक्त रविवार सुट्टी. १२ म्हणजे फक्त सोमवार, असं पुढे जात १५ म्हणजे फक्त गुरुवार, भोसरीवाल्यांसाठी. १ म्हणजे शनिवार-रविवार, ७ म्हणजे शुक्रवार-शनिवार, सौदीसाठी. वरचंच १ एप्रिलचं उदाहरण, त्याच दोन सुट्ट्या, पण फक्त रविवार बंद असं धरलं तर दहावा दिवस १५ एप्रिलला येतो, १७ ला नाही.

आकड्याऐवजी सात अक्षरांची पट्टी पण देता येते, सोमवारपासून सुरू, सुट्टीला १ आणि कामाला ०. शनिवार-रविवार सुट्टी म्हणजे "०००००११". ही पट्टी अवतरण चिन्हातच लिहायची.

मग दुसरा-चौथा शनिवार? त्यासाठी वेगळा कोड नाही, बरेच जण शोधत बसतात. युक्ती अशी: साप्ताहिक सुट्टी फक्त रविवार धरायची, म्हणजे ११, आणि दुसरे-चौथे शनिवार सुट्ट्यांच्या यादीत टाकायचे. वर्षाचे चोवीस शनिवार हाताने शोधायची गरज नाही. एका कॉलममध्ये १ ते १२ महिने लिहा आणि शेजारी:

=वर्कडे.आयएनटीएल(डेट(२०२६, ए२, १)-१, २, "१११११०१")

ती पट्टी नीट बघा. शनिवार सोडून सगळे दिवस सुट्टी, म्हणजे आठवड्यात कामाचा दिवस एकच, शनिवार. मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापासून पुढचा दुसरा "कामाचा दिवस" मागितला की दुसरा शनिवार हातात. मधल्या २ च्या जागी ४ केलं की चौथा. जानेवारी २०२६ ला १० आणि २४ यायला पाहिजेत. हे चोवीस आकडे कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूजने बँकेच्या कॉलममध्ये टाका. पुढच्या वर्षी फक्त साल बदला.

८) सुट्टीच्या दिवशी मुदत संपत असेल तर

मुदतीची तारीख सुट्टीला आली आणि पुढच्या कामाच्या दिवशी ढकलायची असेल तर:

=वर्कडे(ए२-१, १, सरकारी_सुट्टी)

एक दिवस मागे जाऊन एक कामाचा दिवस पुढे. तारीख कामाच्याच दिवशी असेल तर तीच परत मिळते, नसेल तर पुढची. उलट, आधीच्या दिवशी आणायची असेल तर =वर्कडे(ए२+१, -१, सरकारी_सुट्टी).

टीडीएस ७ तारीख, पीएफ १५ तारीख असल्या भरण्यांना मी कायम दुसराच लावतो. १५ ऑगस्ट २०२६ ला शनिवार, वर स्वातंत्र्यदिन, फॉर्म्युला १४ ऑगस्ट शुक्रवार सांगतो. ऑनलाइन भरणा सुट्टीला होतो हे खरं आहे, पण ओटीपी ज्यांच्या मोबाइलवर येतो ते त्या दिवशी महाबळेश्वरला असतात.

महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस, पगारासाठी (ईओमंथ महिन्याची शेवटची तारीख देतो): =वर्कडे(ईओमंथ(ए२, ०)+१, -१, कंपनी_सुट्टी). मे २०२६ ला हा २९ तारीख देतो, कारण ३० ला शनिवार, ३१ ला रविवार.

आणि ऑर्डरला कट-ऑफ असेल, म्हणजे दुपारी चारनंतर आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवसाची धरायची, तर तारखेत एक मिळवू नका, दिवसांत मिळवा. रविवारी बंद असलेल्या ठिकाणी शनिवारी साडेचारला ऑर्डर आली, तीन दिवसांची मुदत. तारखेत एक मिळवला तर रविवारपासून मोजून बुधवार येतो. खरं तर ती ऑर्डर सोमवारची, म्हणून गुरुवार यायला हवा. बी२ मध्ये वेळ असेल तर असं:

=वर्कडे.आयएनटीएल(ए२, ३+(बी२>टाइम(१६,०,०)), ११, कंपनी_सुट्टी)

९) ऑनलाइन कॅल्क्युलेटर, पायथन, वगैरे

तारखा टाका आणि उत्तर घ्या अशा साइट्स झटपट अंदाजाला बऱ्या आहेत. पण त्यातल्या बऱ्याचशा देश बघतात, राज्य नाही. १ मे ही महाराष्ट्राची सुट्टी त्यांना माहीत असेलच असं नाही, दुसरा-चौथा शनिवार तर जवळपास कोणीच धरत नाही. पत्रात तारीख लिहायची असेल तर आपलीच शीट. एआय चॅटला विचारत असाल तर फॉर्म्युला लिहून घ्या, तारीख मोजून घेऊ नका, आकडा ठामपणे सांगतो आणि एखाद्या दिवसाने हुकतो.

कोणी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेकडे गेलात तर तिच्या नमपाय लायब्ररीतल्या, कामाचे दिवस मोजणाऱ्या बसडे_काउंटबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तो शेवटचा दिवस धरत नाही, एक्सेल धरतं. दोन, त्याच्याही आठवड्याची पट्टी सोमवारपासून असते पण तिथे १ म्हणजे कामाचा दिवस, एक्सेलच्या बरोब्बर उलटं. एक्सेलची पट्टी तशीच उचलून टाकली की फक्त शनिवार-रविवार मोजले जातात.

१०) वापरायच्या आधी टेस्ट करा

शीट तयार झाली की वरती चार ओळी कायमच्या ठेवा, ज्यांची उत्तरं तुम्ही हाताने मोजलीत. एप्रिल २०२६ चालेल: सरकारी २०, बँक २१, गुरुवारवालं वर्कशॉप २५, आणि १ एप्रिलपासून सरकारी कॅलेंडरने दहावा दिवस १७ एप्रिल. कोणी सुट्टीची यादी चुकून उडवली, रेंज हलवली किंवा लॅपटॉप बदलल्यावर तारखा उलट्या झाल्या तर या चारपैकी एक तरी आकडा लगेच बदलतो. त्या ओळींना कंडिशनल फॉरमॅटिंग लावून चुकल्यावर लाल होतील असं करून ठेवा, आणि सुट्ट्यांची टॅब प्रोटेक्ट करा, पासवर्ड दोघांकडे असू दे, एकाकडे नको.

डिसेंबरात पुढच्या वर्षाची अधिसूचना आलेली असते. जुनी यादी पुसून नवीन टाकू नका, खाली जोडा. जानेवारीत संपणारी मुदत डिसेंबरात सुरू झालेली असते, आणि जुन्या सुट्ट्या पुसल्या की मागचे सगळे आकडे बदलून बसतात.